दुपारी दोन चाळीसची वाट

२७ ऑक्टोबर, सोमवार

ताई,

नमस्कार. पाकीट जाड दिसलं म्हणून घाबरू नका, आईंची तब्येत आहे तशीच आहे. फोनच केला असता, पण आपला फोन आईंच्या पलंगापासून चार हातांवर, आणि त्यांचं अर्धं अंग लुळं असलं तरी कान दोन्ही शाबूत आहेत. शिवाय हे तुमच्या बंधुराजांच्याही कानावर इतक्यात जायला नको आहे.

लग्नाआधी मी नकाशा कचेरीत होते, आठवतं ना? तिथे ज्यांच्या हाताखाली शिकले त्या बाई आता मोठ्या कचेरीच्या प्रमुख झाल्यात, इथून सहा तासांवरच्या शहरात. त्यांचं पत्र आलंय. किनाऱ्याचे नकाशे हाताने काढणारी माणसं संपत आली आहेत म्हणे. एक जागा निघाली आहे. सोमवारी, १० नोव्हेंबरला सकाळी दहा ते एक अशी हाताची परीक्षा. बाईंनी स्पष्ट लिहिलंय, "त्या दिवशी आली नाहीस तर जागा दुसऱ्या कोणाला जाईल, मग माझ्या हातात काही नाही."

ताई, पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसले. एक्केचाळिसाव्या वर्षी कोण विचारतं हो? आता रोज दुपारी आईंचा डोळा लागला की जेवणाच्या टेबलावर कागद पसरते आणि रेघा ओढते. पहिल्या दिवशी रेघ अशी वेडीवाकडी आली की लाजच वाटली. आठ दिवसांत हात जरा ठिकाणावर आलाय. एक कान मात्र आतल्या खोलीकडेच. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखम धरते. सहा वर्षांत मी सगळ्यात लांब कुठे गेले असेन, तर औषधांच्या दुकानापर्यंत. वाटेत भाजीवाल्याकडे दोन मिनिटं जास्त रेंगाळले तरी पुढे घरापर्यंत पळत सुटते.

जागा मिळाली तर सोमवार ते शुक्रवार तिकडे, शनिवार-रविवार घरी. ह्यांना कसं सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. डेपोतली सगळ्या गाड्यांची वेळापत्रकं ह्यांच्या हातची, एकोणीस वर्षांत एका मिनिटाची चूक नाही. घरातही तसंच. त्यांच्या वेळापत्रकात मी सकाळी सहा ते रात्री दहा, आईंच्या खोलीत.

परीक्षेला जायचं निमित्त मी काढीन. तुमच्याकडे मागणं एकच. जागा मिळालीच, तर पहिला महिनाभर येऊन राहाल का? तेवढ्यात मी चांगली बाई शोधून तिला सगळं शिकवीन. तुमच्याशिवाय कोणाला सांगू?

तुमची,
भावजय


३० ऑक्टोबर, गुरुवार

अगं वहिनीबाई,

पत्र वाचलं आणि आमच्या ह्यांना ओरडून सांगणारच होते, जीभ चावली. कोणाला म्हणजे कोणाला सांगणार नाही, निश्चिंत राहा. तुझा हात किती देखणा! माझ्या मुलीच्या बारशाच्या पाकिटांवरचे पत्ते तूच लिहिले होतेस, लोक अजून आठवण काढतात.

पण एक विचारू? रागावू नकोस. सहा तासांवर एकटी राहणार, खानावळीतलं खाणार, आणि आमचं वेळापत्रक, तुझा नवरा गं, घरी आईजवळ एकटं. ज्याला चहात साखर किती घालायची ते अजून कळत नाही! आईला तर तुझाच हात लागतो. मी दिवाणखान्यात बसून दोन गप्पा मारू शकते, पण कूस बदलायची म्हटलं की मी दाराबाहेर जाते, तुला ठाऊक आहे. तू करतेस तसं कोणालाच जमणार नाही, माझ्या पोटच्या मुलीलाही नाही.

महिनाभर यायचं म्हणशील तर माझा गुडघा फार बोलतोय. शिवाय पुढच्या आठवड्यात घराला रंग काढलाय. बघू, जमवू काहीतरी. तू आधी शांतपणे विचार कर. जागा काय, निघत राहतात.

तुझी,
ताई


४ नोव्हेंबर, मंगळवार

ताई,

बसल्या आहात ना? तुमच्या बंधुराजांनी काल जेवताना जाहीर केलं की शनिवार-रविवार आपण समुद्रकिनारी जायचं. नुसतं फिरायला नाही हं. कडे, गुहा, खडकांवरून चालणं, साहस! जो माणूस आभाळात ढग नसला तरी छत्री घेऊन कोपऱ्यावर जातो, तो म्हणतो साहस. मी हातातली पोळी तशीच धरून बसले.

आईंजवळ शेजारच्या निवृत्त नर्सबाई दोन दिवस राहणार, हेही ह्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. म्हणजे बघा, सहा वर्षांत जे जमलं नाही ते एका संध्याकाळात जमलं! आणि नेमकं याच शनिवार-रविवारी. सोमवारी परीक्षा. मी रविवारी दुपारी "बाईंना भेटून येते" म्हणून निघणार होते. आता रविवारी मी कुठल्यातरी खडकावर बसलेली असेन, उशिरा घरी येऊ, आणि सोमवारी दहा वाजता आईंना लापशी भरवत असेन.

मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ. तर हे म्हणाले, "नाही, याच." बास, एवढंच. डोळ्याला डोळा भिडवला नाही. ताई, तुमचं ते ऐकतात. तुम्ही फोन करा, बरं नाही म्हणा, रंगारी पडला म्हणा, काहीही म्हणा. पण हा बेत पुढे ढकला. मला खूप कोंडल्यासारखं झालंय. ओरडावंसं वाटतं आणि आतल्या खोलीत आई जाग्या असतात.

तुमची,
भावजय


६ नोव्हेंबर, गुरुवार

अगं,

घाईत लिहितेय, रंगारी दारात उभे आहेत. नवरा फिरायला नेतोय आणि तू रडतेस? माझ्या नशिबात बघ, आमचे हे मला फार तर बाल्कनीत नेतात. जा, मजा कर, जाड तळव्याचे बूट घाल. फोन केला होता त्याला, पण त्याचं ठरलेलं दिसतंय, मी काय करणार?

परीक्षेचं म्हणशील तर अगं पुढच्या वर्षीही असेल. कदाचित हा देवाचाच कौल असेल. दोन दिवस एकत्र राहा, वारा लागू दे, डोक्यातलं सगळं निघून जाईल.

ताई


८ नोव्हेंबर, शनिवार
कड्याखालच्या विश्रामगृहातून

ताई,

बाहेरच्या खोलीत चहा पिता पिता लिहितेय. हे खिडकीतून दुर्बीण लावून बसलेत.

काय किनारा आहे हो! वाळू अशी नाहीच. काळे खडक, ब्लेडसारख्या धारा, मधून मधून भेगा, आणि प्रत्येक भेगेत पाणी आत शिरून धाडकन वर उडतं. गाव वर कड्यावर, एस.टी. स्टँडही वरच, आणि विश्रामगृह अगदी पायथ्याशी. वर जायला तासभराची खडी चढण. दुपारी खडकांवरून चाललो, माझा तळवा कालवांनी कापला, ह्यांची चप्पल वाहून गेली. चप्पल गेली तेव्हा मी इतकी हसले की ह्यांनाही हसू आलं. खरं सांगते, ताई, त्या दोन मिनिटांत मी सगळं सांगूनही टाकलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं. मग हे घड्याळात बघायला लागले आणि शब्द परत आत गेले.

इथून उजवीकडे सुळका वळून गेलं की वाळूची एक लपलेली पुळण आहे, तिन्ही बाजूंनी कडा आणि आत मोठी गुहा. तिथे जायची वाट म्हणजे सुळक्याच्या पायाशी वाळूची अरुंद पट्टी. भरतीला पूर्ण बुडते. आज दुपारी ती उघडी पडताना आम्ही इथूनच पाहिली. ह्यांनी वहीत लिहून घेतलं, दोन चाळीस. उद्या पहाटे वाट उघडी असतानाच आत जायचं, दिवसभर गुहा बघायची, आणि दोन चाळीसला बाहेर. आखणी झाली आहे!

आता तुम्हाला एकटीलाच सांगते. सकाळी वर स्टँडवर उतरलो तेव्हा मी फळा वाचला. इथून थेट परीक्षेच्या गावाला गाडी आहे, रविवारी दुपारी चार चाळीस. रात्री पोचते. वेडी म्हणा, पण मी त्या गाडीत चढणार आहे. दोन चाळीसला बाहेर आलो की साडेतीन-पावणेचारला वर स्टँडवर. तिथे मी ह्यांना सांगेन, पिशवी घेईन आणि चढेन. काय होईल ते होवो. रागावले तर रागावू देत, गाडी तर त्यांच्याच वेळापत्रकाने सुटेल!

हे पत्र आत्ताच दाराशीच्या पेटीत टाकते, म्हणजे मला माघार घेता येणार नाही.

तुमची,
भावजय


१२ नोव्हेंबर, बुधवार

ताई,

हे पत्र बसून, सावकाश वाचा. मीही सावकाशच लिहिणार आहे.

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही आत गेलो. सातपर्यंत मागे पाणी चढलं आणि वाट बुडाली. तिन्ही बाजूंना चार मजली कडा, पुढे समुद्र. गुहा पाहिली, ती तासाभरात पाहून झाली. मग पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. मग बसलो. दोन माणसं लग्नानंतर सतरा वर्षांनी आठ तास एकमेकांसमोर बसली, ना आईंची हाक, ना डेपोचा फोन, आणि दोघांनाही बोलायला काही सापडेना. समुद्र आपला आपटत होता. मी एका खडकाकडे बघून मनातल्या मनात त्याची कडा काढत बसले, दुसरं करणार काय?

दोन वाजता आम्ही दोघंही वाटेपाशी येऊन उभे. दोन तीस झाले. दोन चाळीस झाले. वाटेवर कमरेएवढं पाणी, आणि लाट आली की डोक्याएवढं. हे मनगट पुढे धरून उभे होते, उशिरा आलेल्या ड्रायव्हरची वाट बघत डेपोच्या फाटकात उभे राहतात ना, तसे. दोन पन्नास. "यायला पाहिजे," म्हणाले. समुद्राला म्हणाले! मी पाण्यात शिरले. लाटेने मला उचलून खडकावर घातलं. ह्यांनी दंडाला धरून ओढलं नसतं तर हे पत्र तुम्हाला आलं नसतं.

आणि मग माझा तोल गेला, ताई. गुडघ्यातून रक्त, अंगभर ओली, आणि मी त्या पुळणीवर उभी राहून ओरडले. सहा वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने ओरडले. तिथे ऐकायला कोण होतं? म्हटलं, तुम्ही मुद्दाम आणलंत मला इथे. एकोणीस वर्षांत मिनिट न चुकणारा माणूस आजच कसा चुकतो? तुम्हाला कळलंय म्हणूनच हा बेत! म्हटलं, सहा वर्षांत आईंची कूस तुम्ही किती वेळा बदललीत, सांगा.

हे म्हणाले, "अकरा." खरंच मोजलं होतं हो मनात.

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले दोन कागद काढले. एक त्यांच्या अक्षरातला. "रविवार. दोन चाळीस वाट. तीन पन्नास स्टँड. चार चाळीस गाडी, सीट क्रमांक पाच, डावी खिडकी, ऊन लागत नाही. मुक्काम स्टँडसमोर, खोली सांगून ठेवली आहे. सोमवार सकाळी नऊ वीस, कचेरी." एकच सीट. माझी. हा किनारा त्यांनी का निवडला कळलं? इथून ती गाडी आहे म्हणून. घरून थेट पाठवलं असतं तर आईंसमोर सांगावं लागलं असतं.

मी विचारलं, मग आधी बोलला का नाहीत? म्हणाले, "तू सांगशील म्हणून थांबलो. दोन दिवस दिले होते."

दुसरा कागद तुमचा. तीस ऑक्टोबरचा. मला ज्या दिवशी "कोणाला म्हणजे कोणाला सांगणार नाही" लिहिलंत, त्याच दिवसाचा, त्याच शाईचा. पाठच झालाय मला. "वहिनीच्या डोक्यात नोकरीचं खूळ शिरलंय. दहा तारखेला सकाळी दहाला तिच्या बाईंच्या कचेरीत परीक्षा आहे. तिला त्या दोन-तीन दिवसांसाठी कुठेतरी लांब घेऊन जा, सोमवार उलटला की आपोआप शांत होईल. ती गेली तर आईचं काय? मला तर जमणारच नाही. माझं नाव घेऊ नकोस."

यावर मी काही लिहीत नाही. तुम्हीच एकदा मोठ्याने वाचून बघा.

वाट साडेतीनला उघडायची, पण वाऱ्याने पाणी धरून ठेवलं होतं म्हणून पावणेचारला उघडली. धावत, रांगत वर गेलो. स्टँडवर पोचलो तेव्हा पाच वाजायला दहा कमी होते. गाडी गेली होती. वेळेवर.

खाली परत आलो तर विश्रामगृहाच्या मालकीणबाई कपाळावर हात मारून घेतात. दारातच त्यांचा फळा आहे, त्यावर दुसऱ्या दिवसाची वेळ त्या आदल्या संध्याकाळी खडूने लिहून ठेवतात. तीन तीस, ढळढळीत. "अहो, ओहोटी रोज पाऊण तासाने पुढे जाते, शाळेतली पोरं सांगतील!" ह्यांच्या गाड्या रोज एकाच वेळेला सुटतात ना, तसंच समुद्राचंही असेल असं ह्यांनी धरलं. आणि मी कोण मोठी शहाणी? भरतीच्या रेषा मी शेकड्याने काढल्या आहेत, पण कागदावरची रेषा जागची हलत नाही. मलाही सुचलं नाही.

मी ह्यांना विचारलं, खरंच चुकलं का हो? तर म्हणाले, "माझं मलाच कळत नाही. फळ्यासमोरून सकाळी गेलो. मी कुठलाही फळा वाचल्याशिवाय जात नाही. तो वाचला नाही." आणि ढसाढसा रडले.

ताई, मुद्दाम अडवलं असतं तर बरं झालं असतं. मी भांडले असते, निघून गेले असते. आता कोणावर चिडू? ज्याने खिडकीची सीट धरली त्याच्यावर? त्या पुळणीतून बाहेर पडले, पण यातून बाहेर पडायची वाट मला दिसत नाही.

सोमवारी सकाळी सहाच्या गाडीत ह्यांनी मला तरीही बसवलं. मी बारा वीसला कचेरीत पोचले. परीक्षा एकला संपणार होती. बाईंनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चाळीस मिनिटं आहेत, बस." तीन तासांचा कागद मी चाळीस मिनिटांत कसा पुरा करणार? अर्धाही झाला नाही. निकाल आठवड्यात कळवतील. काही आशा ठेवलेली नाही.

आईंच्या पाठीला दोन दिवसांत एक जागा लाल झाली आहे. नर्सबाईंनी कूस बदलली होती, पण चार-चार तासांनी. मी आले तेव्हा आईंनी नुसता माझा हात धरला, आणि सोडलाच नाही.

भावजय


१७ नोव्हेंबर, सोमवार

वहिनी,

चार वेळा पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं.

पहिल्यांदा तुझ्यावर चिडून लिहिलं. म्हटलं, ही कोण मला बोलणारी, माझी आई आहे, घराचं भलं बघितलं तर चुकलं कुठे? आमच्या वेळापत्रकाने माझं पत्र तुला दाखवावं याचाही राग आला. मेंगळट मेला! लहानपणीही माझी चोरी आईला हाच सांगायचा.

दुसऱ्यांदा गुडघ्याबद्दल लिहिलं. मग आमचे हे म्हणाले, "कुठला गुडघा? काल तर तू शिडीवर चढून पडदे लावलेस." तो कागद फाडला.

मग तू म्हणालीस तसं ते तीस तारखेचं पत्र, जेवढं आठवलं तेवढं, खोलीचं दार लावून मोठ्याने म्हटलं. "मला तर जमणारच नाही" इथे आले आणि पुढे म्हणवेना. लाज वाटली गं. खरं कारण मी कधीच कोणाला सांगितलं नाही. आईला तशी पडलेली बघितली की मला वाटतं, आता माझीही पाळी. त्या खोलीत गेले की कधी बाहेर येणारच नाही असं वाटतं. म्हणून तुला आत ठेवलं आणि बाहेरून कौतुक करत राहिले. तू करतेस तसं कोणाला जमत नाही, असं म्हणत कडी घातली. कळत होतं मला.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. रंग केव्हाच लावून झाला आहे, तेवढं सांगते.

ताई


२२ नोव्हेंबर, शनिवार

ताई,

जागा मिळाली.

बाईंनी लिहिलंय, "दुसरीने कागद पुरा केला, पण तिचा किनारा शिंप्याने कापल्यासारखा गुळगुळीत. तुझा अर्धाच आहे, पण त्यावर माणूस ठेच लागून पडेल." आठ तास त्या खडकाकडे बघत बसल्याचा एवढा तरी उपयोग! १ डिसेंबरला हजर व्हायचं आहे.

मी आईंजवळ बसून त्यांना स्वतः सांगितलं. अर्ध्या तोंडाने त्यांनी विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, सोमवार ते शुक्रवार. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "मुलगी येईल?" मी म्हटलं, विचारते.

तर विचारते. पहिल्या पत्रात गोड बोलून मागणं केलं होतं, आता तसं करत नाही. मी एक तारखेला जाणार. तुम्ही आलात तरी जाणार, नाही आलात तरी जाणार. नाही आलात तर हे रजा काढतील. त्यांनी आठवडाभर रोज पहाटे शिकून घेतलंय. पहिल्या दिवशी कूस बदलताना आईंना पलंगाच्या कडेला आणून ठेवलं आणि दोघंही घाबरून माझ्याकडे बघत राहिले. आता बरं जमतं. आकडा अकराच्या पुढे गेलाय.

तुमचा राग आहे का, विचाराल. आहे. पण तुमचं पत्र मी फाडलेलं नाही.

तुमची,
भावजय


२५ नोव्हेंबर, मंगळवार
(पोस्टकार्ड)

ताईस,

तुझ्या गावाहून गुरुवारी सकाळी पाच पन्नासची गाडी. मध्ये बदलावी लागत नाही. सीट अकरा, उजवीकडची. इथे बारा पाचला. मी स्टँडवर उभा असेन. न आलीस तरी उभा असेन, मला नंतर डेपोत जायचंच आहे.

भाऊ


१० डिसेंबर, बुधवार

वहिनी,

काल तुझं पत्र मिळालं. कचेरीतली खिडकी, शाईचा वास, खोलीतल्या सोबतिणीचं घोरणं, सगळं आईला वाचून दाखवलं. घोरण्यापाशी ती हसली. अर्धंच हसते ती, पण हसली.

मला इथे येऊन तेरा दिवस झाले. गुरुवारी उतरले तेव्हा पिशवीत तीन साड्या होत्या आणि मनात तीन दिवस होते. तू निघालीस त्या दिवशी दाराशी उभी राहून मी हात हलवला, आणि तू वळणावर दिसेनाशी झालीस तेव्हा मी अनवाणीच चार पावलं तुझ्यामागे धावले! चौथ्या दिवशी न्हाणीघरात नळ सोडून रडले. सातव्या दिवशी औषधं आणायला म्हणून गेले आणि स्टँडपर्यंत चालत गेले. खोटं कशाला बोलू? आमच्या गावच्या गाडीचं दार उघडं होतं. एक पाय पायरीवर ठेवलाही होता. कंडक्टर म्हणाला, "बाई, चढायचंय की नाही?" मी म्हटलं, नाही, आणि परत येऊन आईची कूस बदलली. अर्धा तास उशीर झाला होता.

वेळापत्रक बरा आहे. पहाटेचं आणि रात्रीचं तो करतो, दिवसाचं मी. त्याने भिंतीला तक्ता लावलाय, मी त्यावर कामाच्या बाईसाठी तिसरा रकाना आखायला लावला आहे. दोघीजणी येऊन बघून गेल्या. एक सोमवारपासून येईन म्हणते, बघू.

पहिल्या शनिवारी तू आलीस, तेव्हाचं सांगू? तू चपला काढल्यास आणि मी खुर्चीतून उठले ती उठलेच. सबंध दोन दिवस मी आईच्या खोलीत पाऊल टाकलं नाही, तुझ्या लक्षात आलं होतं. आल्या आल्या तू पदर खोचलास, आणि मी तो खोचू दिला. सहा वर्षं असंच चाललं होतं ना?

तू लिहितेस, शनिवारी येते, काळजी करू नका. तर ऐक. येऊ नकोस.

तू दारात दिसलीस की मी पिशवी उचलीन. मी मला ओळखते. तू आईच्या उशाशी बसशील, मी म्हणेन दोनच दिवस घरी जाऊन येते, आणि मग माझा गुडघा दुखेल. म्हणून या शनिवारी येऊ नकोस, पुढच्याही येऊ नकोस. सोबतिणीबरोबर कुठेतरी फिरायला जा, नकाशे काढ, खोलीत लोळत पड. आई विचारेल तेव्हा मी सांगेन की मीच नको म्हटलं. चिडली तर माझ्यावर चिडू दे, माझी आई आहे.

मला जमायला लागलं की लिहीन, मग ये.

ताई